पगाराचा तक्ता एक, सरकारं दोन : छोट्या ऑफिसचा व्यवसाय कर आणि टीडीएस ऑनलाइन कसा भरायचा

फेब्रुवारीचे पगार झाले की दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजतो. "अहो, या महिन्यात सगळ्यांचे शंभर रुपये जास्त का कापलेत? शिपाई विचारतोय." दादरला छोटं आर्किटेक्टचं ऑफिस चालवणाऱ्या एका ताईंचा हा दरवर्षीचा प्रश्न. उत्तरही दरवर्षीचंच. व्यवसाय कर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाची बेरीज २,५००. त्यापुढे राज्य सरकारला जाता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ ने माणशी वर्षाला तेवढीच मर्यादा घातली आहे. "मग सरळ महिन्याला २०८ का नाही कापत?" असं त्यांनी एकदा विचारलं. २०८ गुणिले बारा होतात २,४९६. उरलेले चार रुपये कुणाच्या खिशातून काढायचे, यावर आणखी एक परिपत्रक निघालं असतं.

मी गिरगावात बसून अशा छोट्या ऑफिसांचे हिशोब लिहितो. कुणाकडे चार माणसं, कुणाकडे बारा. यातलं बरंचसं काम मालकाला स्वतः करता येतं. महिन्याला तास-दीड तास पुरतो आणि तिमाहीला एक दुपार. अडतं ते वेगळ्याच कारणाने. पगार एकच असतो, पण त्यावर दोन सरकारांचे दोन कर असतात आणि दोघांची वर्षंही वेगळी. व्यवसाय कर राज्याचा, त्याचं वर्ष मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं. टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापून भरायचा आयकर, केंद्राचा, त्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे मार्चचा पगार माझगावच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या, लेखी नव्या वर्षातला पहिला आणि आयकराच्या लेखी सरत्या वर्षातला शेवटचा. माझ्याकडे निस्तरायला येणाऱ्या भानगडींपैकी निम्म्या याच एका ओळीतून निघालेल्या असतात.

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराला आयकर कायदा, २०२५ लागू. पगारावरच्या कपातीचं जुनं कलम १९२ तिथे कलम ३९२ होतं आणि फॉर्मचे क्रमांकही बदलतात. त्या वर्षाचं रिटर्न भरायला बसाल तेव्हा क्रमांक पोर्टलवरचाच घ्या. पीएफ, ईएसआयसी आणि कामगार कल्याण निधी इथे घेतलेले नाहीत. त्यांची पोर्टलं वेगळी, तारखा वेगळ्या, आणि ती लागू होतात का हे माणसांच्या संख्येवर ठरतं.

आधी नंबर गोळा करा

तीन नंबर लागतात, आणि त्यातल्या दोघांची नावं इतकी सारखी की मीही फसलो आहे.

पहिला पीटीआरसी. मालक म्हणून नोकरांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि सरकारात भरायचा, त्यासाठीची ही नोंदणी. हा नंबर २७ ने सुरू होतो. कर लागेल असा पहिला माणूस कामावर घेतल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. दुसरा पीटीईसी. हा तुमच्या स्वतःच्या व्यवसाय कराचा, वर्षाला २,५००, भरायची तारीख ३० जून. हा ९९ ने सुरू होतो. दोन्हींच्या शेवटी पी असतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका दवाखान्याचा नोकरांचा कर मी पीटीईसीच्या नंबरावर भरून मोकळा झालो. डॉक्टरांच्या नावावर चार वर्षांचा कर आगाऊ जमा आणि नोकरांच्या खात्यावर थकबाकी! ती रक्कम वळवून घ्यायला अर्ज, खुलासा, हेलपाटे सगळं झालं, आणि विलंबाचं व्याज मी माझ्या खिशातून दिलं. तेव्हापासून भरणा करताना पहिले दोन अंक मोठ्याने वाचतो. ऑफिसात हसतात, हसोत.

नोंदणीचा अर्ज महाजीएसटी पोर्टलवर होतो. पॅन, आधार, जागेचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि गुमास्ता, म्हणजे दुकान-ऑफिसच्या नोंदणीचा कागद, स्कॅन करून ठेवा. माणसं थोडी असतील तर गुमास्ता लायसन्सऐवजी सूचनापत्राची पावती असते, तीच जोडायची. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अर्जाआधी कंपनी स्थापनेचे कागद उघडून बघा. महाराष्ट्रात कंपनी नोंदवतानाच व्यवसाय कराची नोंदणी बरोबर होऊन येते, आणि संचालकांना आपल्याकडे पीटीआरसी आहे याचा पत्ताच नसतो.

तिसरा टॅन, टीडीएस कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा नंबर. दहा अक्षरी, मुंबईतल्या टॅनची सुरुवात एमयूएम या तीन अक्षरांनी. ऑनलाइन अर्ज भरून तो मिळतो. टॅन हातात आला की दोन ठिकाणी वेगवेगळी नोंदणी करायची असते: आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर आणि ट्रेसेसवर, म्हणजे टीडीएसचा हिशोब ठेवणाऱ्या सरकारी साइटवर. दोन्हीकडे पासवर्ड निराळे. हे पासवर्ड कोणाच्या मोबाइलशी जोडायचे हे आत्ताच ठरवा. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नंबरावर ओटीपी जातोय आणि उद्या शेवटची तारीख आहे, असा प्रसंग मी तीन ऑफिसांत पाहिला आहे.

पगाराचा तक्ता

रिटर्न भरणं ही नक्कल असते. मूळ काम पगाराच्या तक्त्यात. दादरच्या त्या ऑफिसचाच तक्ता घेऊ, आकडे सोयीसाठी थोडे गोल केलेत. सीनियर आर्किटेक्ट १,३०,०००. दोन ज्युनियर, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रत्येकी ४५,०००. ड्राफ्ट्समन ३२,०००. रिसेप्शनला एक बाई, २४,०००. शिपाई १६,०००.

व्यवसाय कराचे दर असे. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५, आणि त्यावर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी, त्यावर तेच दोनशे-तीनशे. पासष्ट वर्षांवरच्या माणसाला आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्याला सूट आहे, पण प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावून ठेवा. या हिशोबाने रिसेप्शनच्या बाई सुटल्या, उरलेल्या पाचांचे महिना १,०००. वर्षाचे अकरा हजार अधिक फेब्रुवारीचे दीड हजार, एकूण १२,५००.

आता रिसेप्शनच्या बाईंवर नजर ठेवा. ऑक्टोबरात त्यांचा पगार २५,५०० झाला की त्याच महिन्यापासून दोनशे सुरू. हे विसरलं जातं, कारण पगारवाढीचं पत्र देताना व्यवसाय कर कुणाच्या डोक्यात नसतो. आणि मर्यादा मूळ पगाराला नाही, नियमित मिळणाऱ्या एकूण पगाराला लागते. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, नेहमीचा ओव्हरटाइम, सगळं त्यात येतं.

बोनसचं मात्र उलटं आहे. व्यवसाय कराच्या कायद्यात पगाराच्या व्याख्येतून बोनस आणि ग्रॅच्युइटी वगळलेत. तोच बोनस आयकराला पगारच. म्हणजे दिवाळीला बाईंना दहा हजार बोनस दिला आणि त्या महिन्यात हातात ३४,००० पडले, तरी व्यवसाय कर शून्यच. पण सीनियरला लाखभर बोनस दिलात तर त्याचा टीडीएस त्याच महिन्यात वाढवावा लागतो. म्हणून माझ्या तक्त्यात बोनसचा रकाना कायम वेगळा असतो. पगारात मिसळलेला बोनस मार्चमध्ये बाहेर काढत बसण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

मालकाने स्वतः काढलेले पैसे या तक्त्यात येत नाहीत. प्रोप्रायटर स्वतःचा नोकर नसतो. फ्रीलान्स थ्रीडी करणारा मुलगाही यात नाही. त्याला दिलेली फी व्यावसायिक शुल्क, तिचं रिटर्न २६क्यू, म्हणजे पगाराखेरीज इतर रकमांवरच्या टीडीएसचं, वेगळं.

व्यवसाय कर : भरणा, फॉर्म, अपलोड

आधी आपण वार्षिक की मासिक ते बघा. मागच्या वर्षी पीटीआरसीचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षाला एक रिटर्न, ३१ मार्चपर्यंत. एक लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला, महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. माणशी २,५०० धरले तर लाखाला चाळीस माणसं लागतात, म्हणजे छोटी ऑफिसं बहुतेक वार्षिकच. अपवाद नव्या नोंदणीचा: पहिल्या वर्षी महिन्या-महिन्याला भरावं लागतं. नव्या मालकांना हे कुणी सांगत नाही, ते निवांत मार्चची वाट बघत बसतात आणि दर महिन्याचं विलंब शुल्क साठत जातं.

कामाचा क्रम आधी पैसे, मग रिटर्न. फॉर्ममध्ये चलनाचा तपशील मागतात, त्यामुळे उलटं करता येत नाही.

पोर्टलवर लॉगिन करून ई-पेमेंटमध्ये जा, कायदा म्हणून पीटीआरसी निवडा, वर्ष आणि कालावधी निवडा, रक्कम टाका. इथून तुम्ही ग्रास या राज्याच्या भरणा यंत्रणेकडे जाता आणि नेटबँकिंगने पैसे भरता. हातात येतं ते एमटीआर-६ चलन. त्यावरचा सीआयएन नंबर, तारीख आणि बँकेचं नाव लागणार आहे, तेव्हा पीडीएफ लगेच उतरवून घ्या. पैसे खात्यातून गेले आणि चलन आलंच नाही, असंही होतं. अशा वेळी दुसऱ्यांदा भरू नका. ग्रासवर जीआरएन, म्हणजे त्या भरण्याचा सरकारी संदर्भ क्रमांक, टाकून चलन शोधता येतं. थोडा वेळ जाऊ द्या, बहुतेकदा सापडतं.

रिटर्नचा फॉर्म ३बी. तो पोर्टलवरून एक्सेल फाइल म्हणून उतरवायचा, भरायचा, आणि त्यातून तयार होणारी छोटी फाइल अपलोड करायची. ही एक्सेल मॅक्रोवर चालते. गूगल शीट्समध्ये, मोबाइलवर किंवा मोफतच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ती चालेल या भरवशावर राहू नका. विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट एक्सेल घ्या. तिथेही पहिल्या फटक्यात मॅक्रो चालत नाही, कारण इंटरनेटवरून आलेली मॅक्रोची फाइल विंडोज अडवून धरतं. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खालच्या कोपऱ्यात अनब्लॉकची खूण, ओके. मग फाइल उघडून एनेबल कंटेंट. या एका खुणेपायी लोक सायबर कॅफेत जाऊन पन्नास-शंभर रुपये देऊन येतात.

फॉर्ममध्ये नाव, नंबर, कालावधी भरा. कालावधी आर्थिक वर्षाचा दिसला तरी आकडे मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचे घालायचे. मग पगाराच्या टप्प्यांनुसार माणसं आणि कर. मी आधी कागदावर माणूस-महिने मांडतो: दोनशेच्या दराने पाच माणसं गुणिले अकरा महिने म्हणजे ५५, कर ११,०००, तीनशेच्या दराने पाच, कर १,५००. फॉर्ममधली बेरीज १२,५०० ला टेकली की पुढे जायचं, नाहीतर मागे. ऑक्टोबरात रिसेप्शनच्या बाईंचे दोनशे सुरू झाले असतील तर ऑक्टोबर ते जानेवारी चार माणूस-महिने आणि फेब्रुवारीचा एक, म्हणजे ८०० अधिक ३००, हे १,१०० वाढतील. भरलेल्या चलनांचा तपशील त्याच फॉर्ममध्ये टाका. आकडे हाताने टाइप करा. दुसरीकडून चिकटवले की मॅक्रो रुसतो आणि कुठे रुसला हे सांगत नाही.

तपासणीचं बटण दाबलं की चुका लाल होऊन येतात. त्या संपल्या की फाइल तयार होते. ती लॉगिन करून ई-रिटर्नमध्ये पीटीआरसी निवडून चढवायची आणि पोचपावती उतरवायची. पावती आली नाही तर रिटर्न भरलं गेलेलं नाही, अपलोड झाल्याचा संदेश पडद्यावर दिसला असला तरी.

उशीर झाला तर पहिल्या तीस दिवसांत २०० रुपये आणि त्यानंतर १,००० रुपये विलंब शुल्क, शिवाय कर थकला असेल तर व्याज निराळं. हे शुल्क रिटर्नच्या आधी भरायचं. मासिकवाल्यांना ते प्रत्येक महिन्याच्या रिटर्नला लागतं, तिथे आकडा फुगतो.

जाता जाता एक. १९७५ च्या या कायद्याचा कर राज्याच्या रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला. शिपायाला हे सांगितलं की तो दोनशे रुपयांबद्दल कमी कुरकुरतो, असा माझा अनुभव आहे. ताई म्हणतात त्याची कुरकुर तेवढीच आहे, फक्त तो आता माझ्याकडे करत नाही.

टीडीएस : आधी लागतो का ते बघा

पगारावरचा टीडीएस कापण्याची जबाबदारी प्रत्येक मालकावर आहे. उलाढाल किती, ऑडिट लागतं का, हे प्रश्न इथे गैरलागू. पण कापण्याइतका कर निघतो का, हा खरा प्रश्न.

नवी करप्रणाली आता मूळ धरली जाते. नोकराने जुनी हवी असं लेखी सांगितलं तरच जुनी. नवीत ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि बारा लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत ६०,००० पर्यंतची सवलत, म्हणजे वर्षाचा पगार १२,७५,००० पर्यंत कर शून्य. आपल्या तक्त्यातल्या पाचांचा विषय इथेच संपला. उरले सीनियर.

त्यांचं गणित मांडू. १,३०,००० गुणिले बारा, १५,६०,०००. वजा ७५,००० केले की १४,८५,०००. पहिल्या चार लाखांना कर नाही. चार ते आठवर पाच टक्के, २०,०००. आठ ते बारावर दहा टक्के, ४०,०००. उरलेल्या २,८५,००० वर पंधरा टक्के, ४२,७५०. बेरीज १,०२,७५०, त्यावर चार टक्के उपकर ४,११०, एकूण १,०६,८६०. बाराने भागलं की महिन्याला ८,९०५. एप्रिलपासून दर महिन्याला हे कापायचे. लोक करतात ते असं की डिसेंबरपर्यंत काहीच कापत नाहीत आणि शेवटच्या तीन महिन्यांत माणसाचा पगार अर्धा करून टाकतात. कायदा सरासरी दराने दरमहा कापायला सांगतो.

व्यवसाय कराचे २,५०० यातून वजा केले नाहीत हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी बरोबर वाचलं. ती वजावट जुन्या प्रणालीत मिळते, नवीत नाही.

उत्पन्न बारा लाखांच्या जरा वर गेलं तर घाबरू नका. १,०८,००० महिना पगार असेल तर करपात्र १२,२१,०००, टप्प्यांप्रमाणे कर ६३,१५०. पण बारा लाखांवर जेवढे रुपये जास्त त्याहून जास्त कर घेता येत नाही, म्हणून कर २१,००० वर थांबतो, उपकर धरून २१,८४०. ही कमी केलेली रक्कम कापायची, ६३ हजारांची नाही.

एखादा माणूस वर्षाच्या मध्ये दुसरीकडून आला असेल तर आधीच्या पगाराचा तपशील त्याच्याकडून लेखी घ्या. नाहीतर दोन्ही ऑफिसं त्याला बारा लाखांची सवलत देतात आणि जुलैमध्ये तो तुमच्या टेबलाशी येऊन बसतो.

चलन

कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. आयकर पोर्टलवर टॅनने लॉगिन करा, ई-पे टॅक्समध्ये नवीन भरणा, टीडीएस भरण्याचा पर्याय. कलमाच्या यादीतून ९२बी निवडा, म्हणजे सरकारी नसलेल्या नोकरांचा पगार. शेजारीच ९२ए आहे, तो सरकारी नोकरांचा. प्रमुख शीर्ष ००२१, कारण नोकर म्हणजे कंपनी नव्हे. तुमचं ऑफिस प्रायव्हेट लिमिटेड असलं तरी इथे ००२१ च, कर कुणाचा कापला ते महत्त्वाचं. वर्ष निवडताना थांबा. आर्थिक वर्ष २०२५-२६ म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७, आणि एप्रिलच्या धांदलीत मार्चचं चलन भरताना नेमकी इथेच चूक होते.

चलनावर तीन गोष्टी मिळतात: सात अंकी बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक. पगाराच्या तक्त्यात त्या महिन्यासमोर लगेच लिहून ठेवा.

एक दिवसाच्या उशिराची किंमत पाहा. ३० एप्रिलला कापलेले ८,९०५ तुम्ही ७ मेऐवजी ८ मेला भरले. व्याज दरमहा दीड टक्का, कापल्या दिवसापासून, आणि महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात. एप्रिलचा एक दिवस हा एक महिना, मेचे आठ दिवस हा दुसरा. तीन टक्के झाले, शंभराच्या पटीत ८,९०० वर २६७ रुपये. रक्कम किरकोळ, पण ती भरली नाही की नोटीस येते, आणि तिच्यापायी दुरुस्तीचं रिटर्न करण्यात एक संध्याकाळ जाते.

तिमाही रिटर्न : २४क्यू

२४क्यू म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं रिटर्न. तारखा: एप्रिल-जूनचं ३१ जुलै, जुलै-सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबर, ऑक्टोबर-डिसेंबरचं ३१ जानेवारी, जानेवारी-मार्चचं ३१ मे. उशिराला दिवसाला २०० रुपये, त्या तिमाहीच्या टीडीएसच्या रकमेपर्यंत. आपल्या उदाहरणात तिमाहीचा टीडीएस २६,७१५, म्हणजे साडेचार महिने विसरलात की शुल्क कराएवढं.

रिटर्न तयार करायला प्रोटीअनचं आरपीयू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दिसायला जुनाट आहे, जावा लागतं, पण पाच-दहा माणसांच्या ऑफिसला पुरेसं आहे. विकतचं घ्यायची गरज नाही. दर वेळी नवी आवृत्ती उतरवा, जुनीने केलेली फाइल नाकारली जाते.

आरपीयूमध्ये तीन पानं. पहिल्यावर टॅन, पत्ता, जबाबदार व्यक्तीचा पॅन आणि मागच्या तिमाहीच्या रिटर्नचा टोकन नंबर. दुसऱ्यावर चलनं, प्रत्येक महिन्याचं एक, तिथे बीएसआर, तारीख, क्रमांक. तिसऱ्यावर नोकरांच्या ओळी, प्रत्येक ओळ कुठल्या चलनातली ते दाखवायचं. पगाराची तारीख, कापल्याची तारीख, रक्कम, कर, उपकर. सीनियरच्या तीन महिन्यांच्या तीन ओळी. पॅन टाइप करताना शून्य आणि ओ, एक आणि आय नीट बघा. सॉफ्टवेअर फक्त पॅनचा साचा तपासतं, तो दुसऱ्या कुणाचा असला तरी त्याला चालतो. ट्रेसेसवर पॅन टाकून नाव पडताळता येतं, नवा माणूस आला की पहिल्याच पगाराआधी ते करा.

चौथ्या तिमाहीत जोडपत्र दोन उघडतं. तिथे वर्षाचा पूर्ण पगार, वजावटी, करप्रणाली, एकूण कर आणि कापलेला कर. फॉर्म १६ याच्यावरून तयार होतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. चार तिमाह्यांत कापलेल्या रकमेची बेरीज १,०६,८६० शी जुळली पाहिजे.

मग आयकर पोर्टलवरून सीएसआय फाइल उतरवा. ही तुमच्या चलनांची सरकारकडची यादी. उतरवताना तारखांचा पल्ला असा द्या की शेवटच्या महिन्याचं चलनही आत येईल. जूनचा टीडीएस ७ जुलैला भरलाय आणि तुम्ही ३० जूनपर्यंतची यादी घेतलीत, तर चलन जुळत नाही अशी चूक येते आणि माणूस तासभर आकडे तपासत बसतो. आरपीयूमध्ये ही फाइल दिली की एफव्हीयू, म्हणजे रिटर्नच्या फाइलमधल्या चुका शोधणारी तपासणी होते, एफव्हीयू फाइल आणि रिटर्नचा गोषवारा असलेला फॉर्म २७ए तयार होतो. एफव्हीयू फाइल झिप करून टॅनच्या लॉगिनमधून ई-फाइल, इन्कम टॅक्स फॉर्म्स, त्यात टीडीएसच्या फॉर्ममध्ये चढवा. पडताळणी डिजिटल सहीने किंवा ईव्हीसी या ऑनलाइन कोडने. पावतीवरचा टोकन नंबर पुढच्या तिमाहीच्या तक्त्यावर आत्ताच लिहा.

तिमाहीत कुणाचाच टीडीएस कापला नसेल तर २४क्यू भरायची गरज नाही. पण यंत्रणेला तुम्ही विसरलात की कापलाच नाही हे कळत नाही. म्हणून ट्रेसेसवर रिटर्न न भरण्याचं घोषणापत्र असतं, ते त्या तिमाहीसाठी देऊन टाका. दोन मिनिटं लागतात.

अपलोडनंतर

काही दिवसांनी ट्रेसेसवर रिटर्नची स्थिती बघा. डिफॉल्ट दिसला तर आधी जस्टिफिकेशन रिपोर्ट मागवा. त्यात कुठल्या ओळीवर किती व्याज, कुठला पॅन चुकीचा, हे लिहिलेलं असतं. रिपोर्ट न वाचता पैसे भरू नका. अनेकदा मागणी चुकीच्या पॅनची असते आणि दुरुस्तीच्या रिटर्नने ती उतरते. दुरुस्तीसाठी आधी ट्रेसेसवरून कॉन्सो फाइल, म्हणजे भरलेल्या रिटर्नची सरकारकडची प्रत, मागवायची, ती आरपीयूत उघडून चुकलेली ओळ बदलायची आणि पुन्हा तीच चढाई.

फॉर्म १६ नोकराला १५ जूनपर्यंत द्यायचा. तो स्वतः टाइप करून देऊ नका. भाग अ ट्रेसेसवरूनच घ्यावा लागतो, भाग ब सुद्धा तिथे मिळतो. मागणी नोंदवताना ट्रेसेस ओळख पटवायला प्रश्न विचारतं: त्या रिटर्नचा टोकन नंबर, एका चलनाचा तपशील, आणि त्या चलनातले पॅन व रकमा. एकच नोकर असेल तर एकच ओळ भरायची. रक्कम पैशासकट रिटर्नमध्ये होती तशी, ८,९०५.००. हे सगळं रिटर्नच्या छापील प्रतीत आहे, ती समोर ठेवूनच लॉगिन करा.

ताईंच्या सीनियरने गेल्या जूनमध्ये फॉर्म १६ हातात घेऊन विचारलं, "यात माझा व्यवसाय कर कुठे दिसत नाही?" ताईंनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, तो कापलाय, भरलाय, पावती आहे. पण तुम्ही नवी प्रणाली निवडलीत ना, मग इथे त्याची वजावट मिळत नाही. ते म्हणाले, "निवडली कुठे? मी काही लिहूनच दिलं नव्हतं." आता दर एप्रिलला पहिल्या पगाराआधी सगळ्यांकडून एका ओळीचा कागद सहीसकट घेतो, जुनी की नवी.